निकट सादरीकरण आणि रसिकाचे स्थान : फ्लामेंको व बैठकीची लावणी यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

प्रयोगकलांचा विचार करताना मराठी समीक्षेने संहिता, संगीत, अभिनय व नेपथ्य या घटकांकडे पुरेसे लक्ष दिले आहे. कलावंत आणि रसिक यांच्यामध्ये प्रत्यक्ष किती हातांचे अंतर आहे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे मात्र तिचे तितके लक्ष गेलेले नाही. काही कला अशा आहेत की अंतर वाढले की त्यांचे केवळ आकारमान बदलत नाही, त्यांचा आशयच बदलतो. स्पेनच्या दक्षिणेकडील आन्दालुसिया प्रांतात घडलेला फ्लामेंको आणि महाराष्ट्रातील बैठकीची लावणी या अशा दोन कला होत. दोन्ही कला लहान जागेत, मोजक्या रसिकांसमोर, जवळून पाहिल्या आणि ऐकल्या जाव्यात अशा बेताने घडल्या. दोहोंच्या वाट्याला पुढे मोठा रंगमंच, ध्वनिवर्धक, स्पर्धा आणि शासकीय मान्यता आली. दोहोंच्या कलावंतांना समाजाने टाळ्या दिल्या, पण प्रतिष्ठा देताना हात आखडता घेतला.

प्रस्तुत लेखात या दोन कलांच्या निकट सादरीकरणाचा तौलनिक विचार केला आहे. जवळीक ही या कलांची केवळ सोय आहे की त्यांच्या सौंदर्याचा घटक आहे, या जवळिकीची सामाजिक किंमत कोणी चुकती केली, आणि आज महाविद्यालयीन व सांस्कृतिक व्यासपीठांवर लावणीला स्थान देताना यातून काय घेता येईल, हे या विवेचनातील तीन मुख्य प्रश्न आहेत.

१. अंतराचा शास्त्रविचार

सादरीकरणातील अंतराचा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम व अवर अशी तीन प्रमाणे सांगितली आहेत. मर्त्य प्रेक्षकांसाठी भरतांनी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप योग्य मानला. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरल्यास हे प्रेक्षागृह ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद भरते आणि त्यातही रंगपीठासह सर्व भाग आले. याहून मोठ्या मंडपात उच्चारलेला शब्द विरून जातो आणि नटाच्या मुखावरील भाव व दृष्टी अस्पष्ट होतात, हे त्यांनी दिलेले कारण आहे. भरतांनी प्रेक्षागृहाचे माप खर्चावरून वा प्रतिष्ठेवरून ठरवलेले नाही. ते मुखज अभिनयावरून ठरवले आहे. चेहरा दिसणे ही त्यांच्या दृष्टीने रसनिष्पत्तीची पूर्वअट आहे.

मराठवाड्याच्या भूमीत हा विचार दोन वेगळ्या मार्गांनी पुढे गेला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचा सातवा अध्याय नर्तनाला वाहिलेला असून त्यात कलावंताच्या गुणांबरोबर सभा व सभापती यांच्या लक्षणांचाही विचार आहे. चांगल्या नर्तनासाठी पाहणारी सभाही चांगली असावी लागते, ही भूमिका त्यातून व्यक्त होते. पुढे चौदाव्या शतकात दौलताबाद-खुलताबाद परिसरात बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यासारख्या चिश्ती सूफींनी समा या श्रवणपरंपरेचा पुरस्कार केला. समाच्या शिष्टाचारात योग्य काळ, योग्य स्थळ आणि योग्य सोबती, या तीन अटी सूफी ग्रंथांनी सांगितल्या आहेत. शास्त्र आणि साधना या दोन्ही अंगांनी पाहिले तर ऐकणारा कोण आहे व तो कोठे बसला आहे हा प्रश्न कलेच्या बाहेरचा ठरत नाही.

२. फ्लामेंकोची जागा : ताब्लाओ आणि पेन्या

फ्लामेंको हे नृत्य आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आढळतो. कार्लोस साउरा यांच्या ‘ब्लड वेडिंग’ (१९८१) व ‘कारमेन’ (१९८३) या चित्रपटांनी तो अधिक दृढ केला. वस्तुतः फ्लामेंकोचे मूळ कांते म्हणजे गायनात आहे. गिटारवादन आणि नृत्य ही त्याची पुढील अंगे होत. यांना जोडणारे चौथे अंग म्हणजे टाळ्या. त्यांना पाल्मास म्हणतात आणि त्या वाजवणे ही स्वतंत्र साधनेची बाब मानली जाते.

या कलेचा व्यावसायिक इतिहास लहान जागांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिल, खेरेस, कादिस, माद्रिद आदी शहरांत ‘काफे कान्तान्ते’ म्हणजे गाण्याचे कॅफे निघाले आणि घरांत, लोहारांच्या भट्ट्यांत व आप्तांच्या समारंभांत गायला जाणारा फ्लामेंको पैसे देऊन ऐकणाऱ्यांपुढे आला. विसाव्या शतकाच्या मध्यावर ताब्लाओ आले. हा शब्द लाकडी फळ्यांच्या मंचावरून आला आहे. माद्रिदमधील ‘साम्ब्रा’ १९५४ मध्ये आणि ‘कोर्राल दे ला मोरेरिया’ १९५६ मध्ये सुरू झाले. दुसरा प्रकार पेन्यांचा, म्हणजे जाणकार रसिकांच्या मंडळांचा. ग्रानादाची ‘ला प्लातेरिया’ ही १९४९ मध्ये स्थापन झालेली पेन्या या परंपरेतील सर्वांत जुनी मानली जाते.

ताब्लाओची मांडणी साधी असते. भिंतीला लागून लहान लाकडी मंच, त्यावर अर्धवर्तुळात खुर्च्यांवर बसलेले गायक, गिटारवादक व टाळ्या वाजवणारे, पुढे चार पावलांची मोकळी जागा आणि लगेच प्रेक्षकांची मेजे. नर्तकीच्या टाचेचा आघात फळीतून पहिल्या रांगेपर्यंत पोहोचतो. गायक श्वास घेतो तो ऐकू येतो. घामाने भिजलेली केसांची बट, स्कर्टचा घोळ सावरणारी बोटे, गिटारवादकाकडे टाकलेला कटाक्ष हे सर्व प्रेक्षकाला दिसते आणि यातील प्रत्येक गोष्टीला प्रयोगात अर्थ असतो.

हा अर्थ समजण्यासाठी फ्लामेंकोची अंतर्गत रीत लक्षात घ्यावी लागते. ताब्लाओतील प्रयोग बऱ्याचदा पूर्ण बसवलेला नसतो. एकत्र तालीम न केलेले कलावंतही एकाच रात्री मंचावर येऊ शकतात, कारण त्यांच्यामध्ये एक सामाईक संकेतव्यवस्था असते. सोलेआ, बुलेरिया यांसारख्या प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते. त्याला कोम्पास म्हणतात. सोलेआत तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर आघात पडतो. नर्तकी पदन्यासाचा एक ठरावीक इशारा देते, गायक तो ओळखून ओळ उचलतो, गिटारवादक तिच्या पायांवर नजर ठेवून लय आवरतो वा सोडतो. आपल्याकडे तबलजीने गायकाच्या समेकडे डोळे लावून बसावे तसेच हे आहे. प्रेक्षक जवळ असेल तरच त्याला ही देवघेव दिसते. तो दूर असेल तर त्याला केवळ तिचा परिणाम दिसतो.

रसिकही यात मूक नसतो. योग्य क्षणी उमटणारे ‘ओले’ व प्रोत्साहनाचे इतर उद्गार यांना हालेओ अशी संज्ञा आहे. तो उद्गार आवर्तनाच्या कोठल्याही मात्रेवर टाकून चालत नाही. चुकीच्या जागी दिलेली दाद कलावंताची लय मोडते, बरोबर जागी दिलेली दाद त्याला पुढे ढकलते. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी १९३३ मध्ये ब्युनोस आयर्स येथे दिलेल्या व्याख्यानात दुएन्दे या संकल्पनेची मांडणी केली. कौशल्याच्या पलीकडे जाऊन कलावंताला आतून व्यापणारी, मृत्यूच्या जाणिवेशी जोडलेली अशी ती शक्ती आहे. दुएन्दे हुकुमाने येत नाही आणि पुन्हा तसाच आणता येत नाही. त्यामुळे फ्लामेंकोचा जाणकार प्रयोगाला जातो तेव्हा निर्दोष सादरीकरणाची अपेक्षा धरून जात नाही. ही गोष्ट आज घडेल की नाही याची तो कलावंतासोबत वाट पाहतो. ही वाट पाहणे सामाईक असते आणि ते लहान जागेतच शक्य होते.

३. बैठकीची लावणी : अदा आणि पुनरुक्ती

महाराष्ट्रात लावणीची दोन सादरीकरणे प्रामुख्याने दिसतात. ढोलकी फडाच्या तमाशात ती खुल्या कनातीत, हजारोंच्या समूहापुढे, उभ्याने व नृत्यप्रधान रूपात येते. संगीत बारीत ती स्त्री-कलावंतांच्या लहान संचाकडून, पेटी, तबला व ढोलकीच्या साथीने सादर होते. बैठकीची लावणी या दुसऱ्या परंपरेचे सर्वांत संयत रूप होय. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ या शाहिरांच्या आणि पुढे पठ्ठे बापूरावांच्या रचनांवर ती पोसली गेली. ठुमरी-दादऱ्याचा संस्कार तिच्या गायकीवर स्पष्ट आहे.

यात कलावंत नऊवारीचा घोळ पसरून बसलेली असते. पायांतील चाळांचे काम जवळजवळ संपलेले असते. राहतात ते डोळे, भुवया, ओठ, मान, मनगट आणि पदराचे टोक. लावणीचे एकच चरण ती पुनःपुन्हा गाते आणि प्रत्येक आवृत्तीत त्याचा अर्थ बदलते. पहिल्यांदा तक्रार, दुसऱ्यांदा लाडीगोडी, तिसऱ्यांदा उपहास, चौथ्यांदा खरेखुरे दुःख. शब्द तेच असतात, चालही बहुधा तीच असते. बदल होतो तो पापणीच्या हालचालीत आणि स्वराच्या लहानशा वळणात. याला अदा म्हणतात. पंढरपूरचे ज्ञानोबा उत्पात यांनी अशा लावण्या व त्यांची अदाकारी जतन केली आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर यांच्या सादरीकरणातून ती रसिकांपर्यंत पोहोचली. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी ही कला दीर्घकाळ सांभाळली. त्यांना १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

येथे भरतांचे चौसष्ट हात पुन्हा आठवावे लागतात. भुवईच्या हालचालीवर उभी असलेली कला चारशे फुटांवरून पाहता येत नाही. मोठ्या मैदानावरील प्रचंड पडद्यावर चेहरा दाखवण्याची सोय आता झाली आहे, पण त्यावर कोणती अदा दिसावी हे छायाचित्रक ठरवतो. बैठकीत कलावंत मनगट वळवत असताना तिच्या डोळ्यांकडे पाहायचे की साथीदाराच्या हसण्याकडे, हा निर्णय रसिकाचा असतो. शिवाय बैठकीत कलावंतही रसिकाला पाहत असते. कोणाला कोणती ओळ उद्देशून म्हणायची, कोणाची फजिती करायची, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून लय सैल सोडायची, हे ती समोर पाहून ठरवते. पडदा तिचा चेहरा रसिकापर्यंत पोहोचवू शकतो, रसिकाचा चेहरा तिच्यापर्यंत पोहोचवू शकत नाही. निकट सादरीकरणाचे मर्म या परस्पर पाहण्यात आहे.

४. साम्य कुळाचे की रचनेचे?

फ्लामेंकोचा उल्लेख झाला की तो मूळचा भारतातलाच, कथकचाच तो अवतार, असे विधान आपल्याकडे अभिमानाने केले जाते. त्याची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रोमा समाजाची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे आणि या समाजाचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. स्पेनमधील गितानो हे त्यांपैकीच होत. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये आल्याच्या नोंदी आहेत. परंतु फ्लामेंको ही कला आज ओळखू येते त्या रूपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आन्दालुसियातच घडली. तीत अरब-अन्दलुसी, ज्यू, कास्तीयी लोकसंगीत आणि लॅटिन अमेरिकेतून परतलेल्या लयी मिसळल्या आहेत. आज फ्लामेंकोत सर्वत्र दिसणारे कहोन हे पेटीसारखे तालवाद्य तर पाको दे लुसिया यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेरूमधून आणले. म्हणून कथकचे पदन्यास व फ्लामेंकोचे पदन्यास यांतील साम्यावरून वंशावळ काढणे शास्त्रशुद्ध ठरत नाही.

लावणी आणि फ्लामेंको यांतील साम्य रक्ताचे नसून परिस्थितीचे आहे. गितानोंवर १४९९ पासून निर्बंध घालणारे कायदे झाले आणि १७४९ मध्ये संपूर्ण समाजाला एकाच मोहिमेत अटक करण्याचा प्रयत्न झाला. महाराष्ट्रात संगीत बारीची कला प्रामुख्याने कोल्हाटी, डोंबारी, कळवात यांसारख्या समाजांतील स्त्रियांनी सांभाळली. कोल्हाटी समाज राज्याच्या यादीत भटक्या जमातींत मोडतो. ज्यांना गावात घर नव्हते त्यांना कलेसाठी मात्र गावाने आत बोलावले. घराच्या उंबरठ्याबाहेरची ही जवळीक दोन्हीकडे सारखीच आहे.

५. जवळीक आणि पैसा

निकट सादरीकरणाचे गुणगान करणारी समीक्षा बहुधा येथे थांबते. परंतु लहान खोलीत कलावंत व रसिक समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यामध्ये केवळ रस उत्पन्न होत नाही, पैसाही हस्तांतरित होतो. काफे कान्तान्तेंचा काळ ओसरू लागल्यावर स्पेनमध्ये अनेक गायक-नर्तकांचा निर्वाह श्रीमंत जमीनदार तरुणांच्या खासगी मेजवान्यांवर चाले. त्यांना सेन्योरीतो म्हणत. मद्यगृहाच्या राखीव खोलीत कलावंतांना रात्रभर बसवून ठेवावे, मर्जी झाली तर भरपूर द्यावे, नाही तर हात हलवत परत पाठवावे, अशी ही रीत होती. फ्लामेंकोतील काही अत्यंत आर्त गायन अशा खोल्यांत झाले. गितानो गायक आन्तोनियो माइरेना (१९०९–१९८३) यांच्यासारख्यांनी कलेला शास्त्र व प्रतिष्ठा देण्यासाठी जो आग्रह धरला त्यामागे या खोल्यांची आठवण होती.

संगीत बारीच्या थिएटरांत याचेच प्रतिबिंब दिसते. चौफुला, मोडनिंब, जामखेड येथील कलाकेंद्रांत अनेक पार्ट्या राहतात. सायंकाळी तिकिटाच्या खेळात प्रत्येक पार्टी पाळीपाळीने रंगमंचावर येते आणि त्यानंतर पैसे मोजणाऱ्या ग्राहकांसाठी खासगी बैठका होतात. दौलतजादा हा या व्यवहाराचा दृश्य भाग आहे. दाद आणि दाम तेथे एकाच हाताने दिले जातात. अशा वेळी रसिकाची दाद कोठे संपते व मालकी कोठे सुरू होते हे ठरवणे अवघड होते. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने या व्यवहाराची दुसरी बाजू मराठी वाचकांपुढे ठेवली. बापाऐवजी आईचे नाव लावणाऱ्या त्या मुलाच्या दृष्टीने बैठक हा कलेचा कोपरा नव्हता, आईपासून तुटण्याचे ठिकाण होते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मधील आपल्या अभ्यासात लावणी कलावंतांच्या लैंगिकतेचे जात व सत्ता यांच्या आधारे कसे शोषण झाले याची मांडणी केली. ती या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही.

म्हणून जवळीक स्वभावतः पवित्र नसते. ती कोणत्या अटींवर घडते यावर तिचे मूल्य ठरते. कलावंताला उठून जाण्याचा अधिकार आहे काय, मोबदला आधी ठरलेला आहे काय, प्रेक्षकांत स्त्रिया बसू शकतात काय, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचे वाटतात. तथापि यांची उत्तरे बदलली की अदाही बदलते. नाइलाजाने केलेली लाडीगोडी आणि अभिनय म्हणून केलेली लाडीगोडी यांतला फरक जवळ बसलेल्या संवेदनशील रसिकाला दिसल्याशिवाय राहत नाही.

६. कला ‘वाचवण्याच्या’ मोहिमा

या अस्वस्थतेतून दोन्हीकडे शुद्धीकरणाच्या मोहिमा निघाल्या. जून १९२२ मध्ये संगीतकार मान्युएल दे फाया यांनी लोर्का आदींच्या सहकार्याने ग्रानादातील आल्हाम्ब्रा किल्ल्यात ‘कान्ते होन्दो’ म्हणजे गहिऱ्या गायनाची स्पर्धा भरवली. बाजारू झालेल्या कलेचे मूळ रूप जपावे हा उद्देश प्रामाणिक होता. पण स्पर्धेत व्यावसायिक कलावंतांना मज्जाव करण्यात आला आणि खोलीतले गायन मोठ्या खुल्या चौकात आणले गेले. ज्यांच्या कंठात ती कला जिवंत होती त्यांनाच बाजूला ठेवून ती वाचवण्याचा हा विरोधाभास होता. त्यानंतरच्या दशकांत ‘फ्लामेंको ऑपेरा’ या नावाखाली हीच कला नाट्यगृहांत आणि बैलझुंजीच्या आखाड्यांत मोठ्या गर्दीपुढे गेली. युनेस्कोने २०१० मध्ये फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहितेच्या पूर्वतपासणीची अट घालून ती उठवली. १९९० च्या दशकात अकलूजची लावणी स्पर्धा सुरू झाली. तिने कलाकेंद्रांतील अनेक कलावंतांना प्रतिष्ठेचे व्यासपीठ दिले आणि, ग्रानादाच्या उलट, व्यावसायिक कलावंतांनाच केंद्रस्थानी ठेवले, हा तिचा मोठा गुण होय. याच सुमारास सुरेखा पुणेकर यांच्या ‘नटरंगी नार’सारख्या कार्यक्रमांनी लावणी नाट्यगृहांत नेली. स्त्री-प्रेक्षकांसाठी स्वतंत्र प्रयोगही होऊ लागले. ज्या कलेचा विषय स्त्रीचे मन आहे ती स्त्रियांनी तिकीट काढून पाहणे ही सामाजिकदृष्ट्या मोलाची घटना होती. परंतु मोठ्या रंगमंचावर अदेची जागा वेगाने घेतली. बसून करायचे काम उभ्याने होऊ लागले, गिरक्या वाढल्या, ठेका चढा राहिला. प्रतिष्ठा मिळाली पण चेहरा दूर गेला, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

७. ‘संगीत बारी’ : एक तिसरी शक्यता

या पार्श्वभूमीवर भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ (२०१४) हे पुस्तक आणि सावित्री मेधातूल यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग विशेष महत्त्वाचा ठरतो. निवेदन आणि प्रत्यक्ष लावण्या अशी या प्रयोगाची रचना आहे. लावण्या सादर करणाऱ्या शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावंत परंपरेतूनच आलेल्या आहेत. प्रयोग लहान प्रेक्षागृहांतही होतो. त्यात स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि तिकीट आधीच काढलेले असते.

या प्रयोगाची समीक्षात्मक किंमत अशी की त्याने जवळीक ठेवली आणि तिच्या अटी बदलल्या. प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवून ओळ म्हणणे, त्याची थट्टा करणे, एकाच चरणाला पाच रंग देणे, हे बैठकीचे सर्व विशेष येथे आहेत. मात्र येथे लाजतो तो पहिल्या रांगेतील पुरुष. सूत्र कलावंताच्या हाती असते. निवेदनामुळे प्रेक्षकाला त्या अदेमागचे आयुष्यही कळते. याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. निवेदन रसिकाला तयार करते, परंतु कोठे दाद द्यावी हेही काही प्रमाणात तेच ठरवून देते. वारंवार ऐकून तयार झालेला, चुकीच्या जागी गप्प राहणारा रसिक एका प्रयोगात घडत नाही. माद्रिदचे ‘कासा पातास’ हे नामांकित ताब्लाओ २०२० च्या महासाथीत कायमचे बंद झाले तेव्हा एका मंचाबरोबर रोज बसण्याची एक सवयही गेली. महाराष्ट्रात लावणीपुरती अशी सवय सुसंस्कृत म्हणवणाऱ्या वर्गात कधी पुरती रुजलीच नव्हती.

८. मराठवाड्यातील व्यासपीठे

छत्रपती संभाजीनगरचा विचार करता निकट सादरीकरणाची परंपरा शहराला परकी नाही. एमजीएम परिसरातील महागामी गुरुकुल १९९६ पासून गुरू पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथक व ओडिसीचे शिक्षण देत आहे. सादरीकरणाइतकेच पाहण्याचे व ऐकण्याचेही शिक्षण असते हे अशा गुरुकुलाच्या वातावरणातून दिसून येते. दुसरीकडे सोनेरी महालाच्या प्रांगणातील वेरूळ-अजिंठा महोत्सवासारखे भव्य उपक्रम आहेत. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की बैठकीच्या कलेला या दोहोंपैकी कोठे जागा आहे?

महाविद्यालयांचा विचार केल्यास लावणी हा विद्यापीठीय युवक महोत्सवातील स्पर्धेचा लोकप्रिय प्रकार आहे. मोठा मंच, मोजका वेळ, समोर गर्दी आणि शिट्ट्या या परिस्थितीत विद्यार्थी स्वाभाविकपणे ‘पिंजरा’ (१९७२) किंवा ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांनी रूढ केलेली जलद, उभ्याची लावणी निवडतात. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. मंचच त्यांच्याकडून ती मागतो. स्नेहसंमेलनात तर ध्वनिमुद्रित गाण्यावर नृत्य होते. म्हणजे गाणारीच नाहीशी होते आणि गाणाऱ्या देहाची अदा ही बैठकीची मूळ कल्पनाच उरत नाही. परिणामी लावणी म्हणजे हेच, असा समज घेऊन पदवीधरांच्या पिढ्या बाहेर पडतात. यात केवळ अभिरुचीचे नुकसान नाही. ज्या स्त्रियांनी ही कला जपली त्यांच्या ज्ञानाला अभ्यासक्रमात, मानधनात आणि शिक्षकाच्या खुर्चीत स्थान मिळण्याची शक्यताही त्यामुळे मावळते, कारण चित्रपटातील नृत्य बसवायला त्यांची गरजच भासत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. महाविद्यालयातील एखादा वर्ग किंवा ग्रंथालयाचे दालन, चाळीस-पन्नास श्रोते, सतरंजी, पेटी, तबला, ढोलकी आणि परंपरेतील एक ज्येष्ठ कलावंत इतके पुरेसे आहे. मानधन लेखी ठरलेले असावे, ध्वनिवर्धक नसावा, कलावंताचा उल्लेख गुरू म्हणून व्हावा आणि सादरीकरणानंतर विद्यार्थ्यांनी तिच्याशी बोलावे. मराठी, संगीत, नाट्यशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांना एकत्र येण्यासाठी याहून योग्य निमित्त क्वचितच सापडेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. फ्लामेंको आणि बैठकीची लावणी यांत जवळीक हा सादरीकरणाच्या आशयाचाच घटक आहे. अंतर वाढले की फ्लामेंकोतील कलावंतांची आपसांतील देवघेव आणि लावणीतील अदा ही प्रथम नाहीशी होतात.

२. या कलांत रसिक हा सहभागी असतो. ओले असो वा बैठकीतील वाहवा, दादेलाही ताल व जागा असते आणि ती शिकावी लागते.

३. दोन्ही कलांतील साम्याचे स्पष्टीकरण वंशावळीपेक्षा परिघावरच्या समाजांच्या सामाजिक स्थितीतून अधिक समाधानकारकपणे करता येते.

४. जवळिकीचा इतिहास शोषणाचाही इतिहास आहे. खोलीतून रंगमंचावर जाण्याने शोषण काही अंशी घटले, मात्र कलेचे सूक्ष्म अंग क्षीण झाले. खोली ठेवून तिच्या अटी बदलणे हा अधिक योग्य मार्ग असल्याचे ‘संगीत बारी’च्या प्रयोगाने दाखवले.

५. महाविद्यालयीन स्तरावर लावणीचा केवळ स्पर्धाप्रकार म्हणून विचार न करता लहान बैठकींचे नियमित आयोजन व्हावे आणि त्यात परंपरेतील स्त्री-कलावंतांना तज्ज्ञ म्हणून स्थान मिळावे.

यमुनाबाई वाईकर २०१८ मध्ये आणि गुलाबबाई संगमनेरकर २०२२ मध्ये निवर्तल्या. बैठकीची अदा जाणणाऱ्या स्त्रियांची संख्या दर वर्षी घटते आहे. ती लेखात वा ध्वनिमुद्रणात जितकी उतरते तितकी उतरवून घेतलीच पाहिजे. पण एका चरणाचे पाच अर्थ कसे होतात हे शिकण्यासाठी ती कलावंत समोर, हातभर अंतरावर बसलेली असावी लागते, आणि ती व्यवस्था करणे हे शिक्षणसंस्थांच्या हातात आहे.